गॅरेजमधलं ऑइल-ग्रीस बंदुकीला: काय चालतं, किती लावायचं, काय लांब ठेवायचं

मोटारसायकलचं ऑइल बदललं की एक लिटरच्या डब्यात तळाला शंभरेक मिली नवंकोरं ऑइल उरतं आणि फळीवर धूळ खात पडतं. घरात परवान्याची दुनळी असेल तर तेवढं ऑइल तिला काही वर्षं पुरेल. आयात केलेल्या 'गन ऑइल'च्या इवल्याशा बाटलीचा भाव ऐकून माणूस गॅरेजकडे वळतो, त्यात वावगं काही नाही. फक्त गॅरेजमध्ये जे जे तेलकट दिसतं ते सगळं बंदुकीला चालत नाही, आणि एक-दोन गोष्टी तर तिचं चांगलंच नुकसान करतात.

इंजिन आणि बंदूक यांच्यातला फरक आधी लक्षात घेतला की निम्मी निवड आपोआप होते. इंजिनातलं ऑइल बंद सम्पमध्ये, म्हणजे तळच्या टाकीत, राहतं, पंप ते सतत फिरवतो, ते १०० अंशांच्या आसपास तापतं आणि ठरावीक किलोमीटरला बदललं जातं. बंदूक उघडी, थंड आणि वर्षातले बहुतेक दिवस नुसती उभी असते. लावलेला थेंब जागेवरून ओघळला तर तो परत आणून द्यायला पंप नाही. म्हणून बंदुकीच्या ऑइलकडून तीन गोष्टी हव्यात: लावलं तिथे टिकावं, गंज येऊ देऊ नये, आणि महिनोन्‌महिने पडून चिकट होऊ नये. झीज हा नंतरचा प्रश्न. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी-निफाडकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर असलेली बारा बोअर वर्षाकाठी फार तर पाच-पंचवीस बार काढते. ती झिजून नव्हे, गंजून बाद होते. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला तर जून ते सप्टेंबर भिंतींनाही ओल असते.

ऑइलच्या डब्यावरचे आकडे

१०डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा, दुसरा १०० अंशांवरच्या घट्टपणाचा. बंदूक १०० अंशांवर चालत नाही, त्यामुळे आपल्या कामाचा खरा आकडा डब्यावर नसतो. तो कंपनीच्या माहितीपत्रकात '४० अंशांवरची व्हिस्कॉसिटी', म्हणजे दाटपणा, म्हणून सेंटिस्टोक या मापात दिलेला असतो. साधारण हिशेब असा: शिलाई मशीनचं तेल १० ते २०, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ ३० ते ३५, ०डब्ल्यू-२० चाळिशीत, ५डब्ल्यू-३० साठ-सत्तर, १५डब्ल्यू-४० शंभरच्या थोडं पुढे आणि २०डब्ल्यू-५० दीडशेच्या वर. ईपी-९० गिअर ऑइल त्याहूनही दाट.

लहान पिना, स्प्रिंगा, सेफ्टीची कळ, काडतूस बाहेर ढकलणाऱ्या एजेक्टरचे दांडे यांना ३० ते ७० मधलं ऑइल बरोबर बसतं. शंभरच्या पुढचं ऑइल बारीक फटीत शिरायला वेळ घेतं आणि निफाडच्या डिसेंबर-जानेवारीत, पारा पाचाच्या खाली उतरतो तेव्हा, आणखी जड होतं. २०डब्ल्यू-५० लावलेली फायरिंग पिन अशा पहाटे आळसावते. काडतुसाच्या टोपीवर हलका ठसा उमटतो आणि बार उडत नाही. दोष काडतुसाला दिला जातो.

म्हणून पहिली पसंती ५डब्ल्यू-३० सिंथेटिक. मोटारसायकलचं १०डब्ल्यू-३० फोर-टी ऑइलही चालतं. त्याच्या डब्यावरचं 'जासो एमए' हे ओल्या क्लचसाठी आहे, बंदुकीला त्याने फरक पडत नाही. या ऑइलमध्ये झिंकचं झीज-प्रतिबंधक रसायन असतं, त्याचा उपयोग होतो. डिटर्जंट आणि काजळी तरंगती ठेवणारी रसायनं मात्र इंजिनासाठी आहेत. बंदुकीला ती अपाय करत नाहीत, पण त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजायचंही कारण नाही. महागातला महाग डबा घेतला म्हणून गंज जास्त अडेल असं नसतं.

एटीएफ, म्हणजे डेक्सरॉन जातीचं लाल ऑइल, हे गॅरेजमधलं सर्वांत दुर्लक्षित पण कामाचं ऑइल. पातळ असल्याने ते बारीक जागी पोचतं, थंडीत घट्ट होत नाही, त्यात झीज आणि गंज अडवणारी रसायनं असतात. शिवाय रंग लाल असल्याने कुठे पोचलं आणि कुठे जास्त झालं ते पांढऱ्या चिंदीवर लगेच कळतं. उणीव एकच, ते लवकर ओघळतं. तीन भाग ५डब्ल्यू-३० आणि एक भाग एटीएफ असं मिश्रण करून ३० मिलीच्या बाटलीत ठेवलं तर पिनांसाठी दुसरं काही घ्यावं लागत नाही.

शिलाई मशीनचं तेल घरोघरी बंदुकीला लावलं जातं. ते स्वच्छ असतं आणि चिकट होत नाही, पण फार पातळ असतं आणि गंज अडवणारं त्यात फारसं काही नसतं. दर पंधरा दिवसांनी पुसून पुन्हा लावायची सवय असेल तरच त्यावर भिस्त ठेवा. खोबरेल तर नकोच. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. आपल्याकडच्या हिवाळ्यात बाटलीतसुद्धा पांढरं होतं, बंदुकीच्या कुलपात, म्हणजे घोडा-चापाच्या यंत्रणेत, गेलेलं वेगळं काय होणार?

लांब ठेवायच्या गोष्टी

ब्रेक ऑइल सर्वांत आधी. नावात ऑइल असलं तरी डॉट-३ आणि डॉट-४ हे ग्लायकॉल जातीचे द्रव आहेत, तेल नव्हे. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि रंग-पॉलिश उचलतं. दस्त्यावर एक थेंब पडून तासभर राहिला तर वार्निश फुगून येतं. ओलावा ओढणारा द्रव पोलादावर पावसाळाभर ठेवल्यावर काय होईल, ते सांगायला नको.

काळं ऑइल, म्हणजे इंजिनातून काढलेलं वापरलेलं ऑइल. शेतावर ते दाराच्या बिजागऱ्यांना, लाकडाला, कशालाही लावलं जातं, आणि 'धातूच आहे की' म्हणत बंदुकीलाही. त्यात जळणातून आलेली आम्लं, पाणी, काजळी आणि धातूचा कीस असतो. पोलाद जपायचं म्हणून आपणच त्यावर आम्ल चोपडतो. शिवाय हे ऑइल कातडीला वारंवार लागणं कॅन्सरच्या दृष्टीने धोक्याचं आहे, हा वेगळा मुद्दा.

ईपी-९० गिअर ऑइलमध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं असतात. गिअरच्या दातांवर प्रचंड दाब येतो तिथे ती लागतात. बंदुकीत तसा दाब आणि तापमान नसतं, त्यामुळे ती निरुपयोगी. उलट दाटपणा नडतो, वास घरभर होतो आणि तांब्या-पितळेच्या भागांवर डाग पडू शकतात. दुकानदार 'बंदुकीला ना, मग जाडच घ्या' म्हणाला तरी घेऊ नका. इंजिनात टाकायच्या 'ॲडिटिव्ह'च्या बाटल्याही तशाच सोडा. त्यांतल्या काहींत क्लोरीनयुक्त पॅराफिन असतं आणि त्यातून पुढे आम्ल तयार होऊ शकतं.

डब्ल्यूडी-४० बद्दल गैरसमज फार. १९५३ मध्ये सॅन दिएगोत ते पाणी हटवण्यासाठी बनवलं गेलं, नावातला डब्ल्यूडी तिथूनच आला. भिजलेली बंदूक घरी आली की फवारायला ते उत्तम. पण उडून गेल्यावर मागे राहणारा थर पातळ असतो; पावसाळाभराचं संरक्षण त्याच्याकडून मिळत नाही, आणि थरावर थर चढत गेले की कुलपात पिवळसर चिकटा साचतो. असले भेदक फवारे काडतुसांपासून तर फार लांब ठेवा. टोपीच्या कडेने ऑइल आत झिरपलं की काडतूस मुकं होतं.

ब्रेक क्लीनर आणि कार्ब क्लीनर धातू अगदी कोरडा करतात. धातूच्या सुट्या भागासाठी ठीक, पण लाकूड, प्लॅस्टिक आणि रंग यांना ते खातात. फवारल्यानंतर पोलाद उघडं पडतं. दमट दिवशी अशा नळीवर बोटाचा ठसासुद्धा दुसऱ्या सकाळी तांबूस उमटतो. वापरलं तर पाच-दहा मिनिटांत ऑइलचा हात फिरवायलाच हवा.

ग्रीस: कुठलं आणि का

ऑइल ओघळतं, ग्रीस थांबतं. ग्रीस म्हणजे साबणासारख्या जाळीत धरून ठेवलेलं ऑइलच. दाब आला की जाळी थोडं ऑइल सोडते. त्यामुळे जिथे धातूवर धातू घासतो आणि दाब येतो तिथे ग्रीस, जिथे नुसतं फिरायचं आहे तिथे ऑइल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी फौजेच्या एम-१ गरँड रायफलला याच कारणाने ग्रीस दिलं जायचं. पावसात ऑइल धुऊन जायचं आणि कोरडा बोल्ट अडायचा.

डबीवर एनएलजीआय क्रमांक बघा, तो ग्रीसचा घट्टपणा सांगतो. २ क्रमांक म्हणजे नेहमीचं, बोटाने सहज पसरणारं. ३ क्रमांकाचं एपी-३ किंवा एमपी-३ गॅरेजमध्ये सगळीकडे मिळतं, पण ते बेअरिंगसाठी म्हणून जरा घट्ट केलेलं असतं आणि थंडीत बारीक जागी जड होतं. १ क्रमांक मिळालं तर पिस्तुलाच्या स्लाइडला छान. दुनळीला लिथियम कॉम्प्लेक्स जातीचं २ क्रमांकाचं व्हील बेअरिंग ग्रीस घ्यावं. साधारण लाल किंवा निळं असतं, पाण्याला टिकतं. रंगावरून जात ओळखू नका, रंग कंपनीच्या मर्जीचा. कॅल्शियम सल्फोनेट जातीचं ग्रीस मिळालं तर गंजासाठी त्याहूनही सरस.

सीव्ही जॉइंटचं काळं मॉलिब्डेनम ग्रीस दाबाच्या जागी चांगलं काम करतं. बोल्ट रायफलच्या लगच्या, म्हणजे बोल्ट अडकवणाऱ्या दातांच्या, मागच्या बाजूला मुगाच्या दाण्याएवढं पुरतं. पण ते हाताला, कपड्याला, दस्त्याला लागलं की निघत नाही. ट्रक-टेम्पोच्या स्प्रिंगच्या पाट्यांना लावतात ते ग्रॅफाइट ग्रीस मात्र बंदुकीला नको. ग्रॅफाइट आणि पोलाद यांच्यात ओल शिरली की गंज अडण्याऐवजी वाढतो, आणि ॲल्युमिनियमची बॉडी असेल तर आणखीच.

दोन ग्रीसांची भेसळ करू नका. लिथियमवर पॉलियुरिया जातीचं चढवलं तर दोघांची जाळी मोडून पातळ रबडी वाहू लागते. नवं लावण्याआधी जुनं पूर्ण पुसा, एवढाच नियम.

घरच्या घरी परीक्षा

दुकानात तीन डबे समोर आले आणि ठरेना, तर तिन्हींतलं थोडं थोडं आणून पारखता येतं. त्यासाठी बंदूक लागत नाही. एकाच पुडीतले साधे लोखंडी खिळे घ्या, गॅल्व्हनाइज्ड नकोत. थिनरने धुवा, त्यानंतर हात न लावता चिमट्याने धरा. प्रत्येक ऑइलमध्ये दोन-दोन खिळे बुडवून, निथळवून, चिठ्ठी बांधून जुलैत पत्र्याच्या पडवीत टांगा. पाऊस थेट लागू नये, दमट हवा लागावी. दोन खिळे कोरडेच ठेवा. कोरडे खिळे एक-दोन दिवसांत तांबूस होतील, पातळ ऑइलचे आठवडा-दीड आठवड्यात टोकापासून सुरुवात करतील. महिना झाल्यावर कुठले खिळे राखाडी राहिले ते बघा, दुकानदाराला विचारायची गरज उरत नाही.

दुसरी चाचणी टिकण्याची. काचेच्या तुकड्यावर प्रत्येकाचा एक थेंब, काच ४५ अंशांत तिरपी, रात्रभर. सकाळी कोण किती घसरलं ते पट्टीने मोजा. तीच काच फ्रिजमध्ये दोन तास ठेवली की निफाडची पहाट घरात मिळते. थेंब काडीने हलवून बघा.

लावायची रीत

बंदूक उघडा, काडतूस नाही याची डोळ्यांनी खात्री करा, मग चेंबरमध्ये बोट घालून पुन्हा करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. खिडकी उघडी, जवळ चूल-दिवा-उदबत्ती काही नको. स्वच्छता आणि तेलपाणी हे मालकाचं काम. कुलूप उघडणं, घोडा-चापाच्या आत हात घालणं हे परवाना असलेल्या बंदूक-कारागिराचं. नळी आखूड करणं तर शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवानगीशिवाय गुन्हाच आहे.

सामान थोडकं: नळीच्या मापाची सळई, पितळी ब्रश, सुती कापडाच्या चिंद्या, जुना टूथब्रश, टूथपिक, आणि बोथट सुईची २ मिलीची सिरिंज. एनसीसीत गेलेल्यांना पुलथ्रू आणि चिंदी ठाऊक असते, तीच पद्धत.

नळी नेहमी चेंबरच्या बाजूने साफ करा, तोंडाकडून नव्हे. तोंडाची कड घासली गेली तर नेम बिघडतो. चिंदीवर केरोसीन आणि एटीएफ समसमान घेऊन नळी ओली करा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, ब्रश दहा-बारा वेळा आरपार, मग चिंदी कोरडी निघेपर्यंत पुसा. बारा बोअरमध्ये छऱ्यांमागच्या प्लॅस्टिकच्या बुचाचा (वॅडचा) आणि शिशाचा राखाडी पट्टा चेंबरच्या पुढच्या भागात बसतो. तिथे घाई करू नका. पेट्रोल कधीच नको, वाफ जमिनीलगत पसरते आणि दूरची ठिणगीही पुरते.

आता दुनळीला किती? नळी जिथे वळते त्या बिजागरीच्या पिनेला आणि तिच्या खाचेला मुगाच्या दाण्याएवढं ग्रीस, बोटाने पसरून पारदर्शक दिसेल इतकं पातळ. नळीखालच्या आकड्यांना, जिथे कुलपाची पट्टी अडकते, तेवढंच. वरच्या कळीच्या मुळाशी एक थेंब ऑइल, दोन्ही एजेक्टरच्या दांड्यांना एकेक, पुढच्या लाकडाच्या खिटीला एक, सेफ्टीला एक. सगळे मिळून पाच थेंब. फायरिंग पिनच्या भोकात काही सोडू नका. बिजागरी कोरडी राहिली तर धातू धातूला ओरबाडतो आणि काही वर्षांनी बंद केलेली नळी हलवली की खडखडते. तो खडखडाट ग्रीसने जात नाही, कारागिराकडेच जातो. ग्रीस भरपूर झालं तर त्यात धूळ बसते आणि तीच मग कानशीसारखी घासते. मळ्यात वापरायची बंदूक म्हणून दर खेपेला आधी जुनं पुसायचं, मग नवं.

रिव्हॉल्व्हरला क्रेनच्या दांड्याला एक थेंब, एजेक्टरच्या रॉडला एक, घोड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. सिलिंडरचे घर कोरडे. पिस्तुलात स्लाइडच्या दोन्ही रुळांवर बारीक रेघ ग्रीस, नळीच्या बाहेरून ऑइलचा हात, मॅगझिन कोरडं. बोल्ट रायफलला लगच्या मागे आणि घोडा चढवणाऱ्या उतारावर ग्रीस, बाकी अंगाला ऑइलची चिंदी.

बार काढण्याआधी चेंबर आणि नळी कोरड्या चिंदीने पुसणं चुकवू नका. चेंबर तेलकट असलं तर काडतुसाचं पितळ भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर जातो. नळीत ग्रीसचा गोळा राहिला असेल तर नळी फुगू किंवा फुटू शकते.

दस्त्याकडेही लक्ष हवं. बंदूक कपाटात नळी वर करून ठेवली की जादा ऑइल हळूहळू खाली उतरून लाकडाच्या तोंडात मुरतं. तिथलं लाकूड काळवंडतं, नरम पडतं आणि धक्क्याने चिरतं. ऑइल लावल्यावर पहिला दिवस तरी नळी खाली करून, तोंडाखाली कापड ठेवून उभी करा.

पावसाळा, आणि पोलिस ठाण्यात जमा

इथे गॅरेजपेक्षा नाशिकच्या सातपूर-अंबडची एमआयडीसी जास्त कामाची. यंत्रावरून उतरलेले भाग पाठवण्याआधी तिथे रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइलमध्ये बुडवतात, शॉप फ्लोअरवर त्याला आरपीओ म्हणतात. इंजिन ऑइल जे अर्धवट करतं ते हे पूर्ण करतं. त्याचं कामच तेवढं आहे. यात पाणी हटवणारा पातळ प्रकार असतो आणि मेणासारखा थर सोडणारा दाट प्रकारही. महिना-दोन महिन्यांसाठी पातळ, सबंध पावसाळ्यासाठी दाट. डबे मोठे असतात, म्हणून ओळखीच्या वर्कशॉपमधून पाव लिटर मागून आणणं सोयीचं. तिथेच मिळणारा, गंज अडवणारी वाफ सोडणारा व्हीसीआय कागद, सुटे भाग गुंडाळतात तो, नळीभोवती गुंडाळला की आतली हवाही राखली जाते. आरपीओ वंगण नाही, हे विसरू नका. बिजागरीचं ग्रीस तसंच राहू द्या.

कातडी किंवा कॅनव्हासच्या गवसणीत बंदूक महिनोन्‌महिने ठेवणं हे गंजाचं सर्वांत साधं कारण. कातडं कमावताना वापरलेले क्षार आणि ओल दोन्ही नळीला चिकटून राहतात. गवसणी ने-आण करण्यापुरती. कुलूपबंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. महिन्याने गरम करून पुन्हा कोरड्या करता येतात.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना शस्त्र जमा करावं लागतं. २०२४ च्या लोकसभेला आचारसंहिता १६ मार्च ते ६ जून होती, म्हणजे जवळपास तीन महिने बंदूक मालकाच्या नजरेआड. पावसाळ्याच्या तोंडावर जमा करायची असेल तर आदल्या दिवशी पूर्ण स्वच्छ करा, आतून-बाहेरून दाट आरपीओ, नळीतही पातळ थर, व्हीसीआय कागद, आणि चापाच्या कड्याला चिठ्ठी बांधा: 'नळीत तेल आहे, पुसल्याशिवाय वापरू नये'. परत आणल्यावर पहिलं काम चिंदीचं.

ठासणीची बंदूक आणि एअर रायफल

या दोघींचे नियम वेगळे. ठासणीच्या बंदुकीतली काळी दारू जळल्यावर क्षार मागे ठेवते आणि ते हवेतली ओल शोषतात. त्यावर ऑइल ओतलं तर क्षार विरघळत नाहीत, ऑइलखाली झाकले जाऊन रात्रभर नळी खातात. वर डांबरासारखा काळा लगदा होतो तो वेगळा. आधी कढत पाणी आणि थोडा साबण, चिंदी पांढरी निघेपर्यंत. मग साधं कढत पाणी, म्हणजे नळी तापून आपोआप वाळते. ती कोमट असतानाच ऑइल. जुन्या साठ्यातली, क्लोरेट टोपीची काडतुसं वापरली असतील तर रायफललाही हाच उपाय, कारण तिथेही मागे मीठच उरतं.

एअर रायफलच्या कॉम्प्रेशन चेंबरमध्ये गॅरेजमधलं कुठलंही ऑइल घालू नका. हवा झटक्यात दाबली गेली की ती तापते आणि तिथलं पेट्रोलियम ऑइल डिझेल इंजिनासारखं पेट घेतं. आवाज मोठा होतो, छर्रा जोरात जातो म्हणून पोरं खूश होतात, पण सील जळतं, स्प्रिंग तुटते. पीसीपी, म्हणजे आधीच दाबून हवा भरून ठेवायच्या प्रकारात हवेचा दाब दोनशे बारच्या घरात असतो, तिथे हाच प्रकार स्फोटापर्यंत जाऊ शकतो. सीलला फक्त शुद्ध सिलिकॉन ऑइल. स्प्रिंगला थोडं मॉलिब्डेनम ग्रीस चालतं, आणि बाहेरच्या बिजागरीला नेहमीचं.

वापरलेल्या चिंद्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. दस्त्याला जवसाचं तेल लावलं असेल तर त्या चिंद्या वाळताना आपोआप तापतात आणि ढिगात पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून, उघड्यावर पसरून वाळवा. मिश्रणाच्या बाटलीवर नाव आणि महिना लिहा, तळाला गाळ किंवा पाण्याचा थर दिसला की ती बाटली टाकून नवी करा.